तोंडावर वाचायची कादंबरी

"मी पळालो नव्हतो. पळालो नव्हतो म्हणतोय ना मी," दीपक ओरडत होता, आणि असा ओरडत होता की समोरच्या इमारतीतल्या तिन्ही मजल्यांवरच्या कुकरांनी शिट्ट्या आवरत्या घेतल्या. "मी मागं सरकलो होतो. पळणं वेगळं, मागं सरकणं वेगळं."

मालूताईनं मांडीवरच्या कागदांतून मान वर काढली नाही. "कुठपर्यंत सरकलास?"

"पुलापर्यंत."

"आणि भांडण कुठं चाललं होतं?"

"बाजारात."

"बरं. मग दीपक बाजारापासून रेल्वे पुलापर्यंत मागं सरकला, असं लिहिते. तोंड कुठल्या बाजूला होतं तेवढं सांग."

खोलीत बसलेले आम्ही सगळे तिशी ओलांडलेले बाप्ये. मांडी घालायची सवय सुटलेली, म्हणून कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी पलंगाच्या कडेवर. दीपक आता बिल्डर होता. खडकीपासून बोपोडीपर्यंत त्याची सहा मजली पापं उभी होती. त्याच्या एका फोनवर सिमेंटचे ट्रक हलायचे. पण मालूताईच्या दोन खोल्यांत आला की तो परत नववी ब होऊन जायचा. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, बराच विचार केला आणि म्हणाला, "तोंड पुलाकडं होतं. पण लक्ष मागं होतं."

मालूताईनं तेही लिहून घेतलं.

मालती वाघमारे ही बाई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. उंची एवढी बेताची, की फळ्यावर तारीख घालायला तिला स्टूल लागायचं. आवाज मात्र असा, की तिनं खडकीत "हजर?" विचारलं की दापोडीतली पोरं "हजर बाई" म्हणायची. माझ्या घरी लग्नपत्रिका आली की मी ती आधी तिच्यापासून लपवायचो. नाहीतर ती पर्समधून तांबडी पेन्सिल काढायची आणि वधूच्या आत्यापासून 'लग्नाला यायचं हं'वाल्या भाच्यापर्यंत सगळ्यांना दुरुस्त करून पत्रिका लग्नाच्या मांडवात वरबापाच्या हातात परत द्यायची. आहेर म्हणून.

थापा तिला चालायच्या. नुसत्या चालायच्या नाहीत, आवडायच्या. मी तिला एकदा सांगितलं, मुळा नदीतून अजगर निघाला आणि माझ्या बसमध्ये येऊन खिडकीशी बसला. (माझा धंदा बसेसचा. आयटीतल्या लोकांना हिंजवडीला न्यायचं, आणि जिवंत असतील तेवढे परत आणायचे.) तिनं शांतपणे सगळं ऐकलं. अजगर कुठं उतरला, कंपनीचं ओळखपत्र होतं का, विचारून घेतलं. मग म्हणाली, "छान. आता खरं सांग." हे तिचं कायमचं वाक्य. त्यात राग नसायचा. शिंपी जसा म्हणतो, आता हात खाली करा, तसं.

माझ्या बसेसचं आणि तिचं एकदा वाजलं. ड्रायव्हर रोज सकाळी बस शाळेच्या फाटकासमोरच लावायचा, कारण आयटीवाल्यांना तिथून चढायला सोयीचं. पोरांना आत जायला वाट उरायची नाही. तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. सातवीचा अख्खा वर्ग रांगेत बसमध्ये चढवला आणि ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहून कविता शिकवायला लागली. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे लटकवलेले इंजिनियर आणि खाकी चड्ड्यांतली पोरं एका सीटवर तिघं. एका इंजिनियरला तिनं उभं करून दुसरं कडवं वाचायला लावलं. तो अडखळला, तर म्हणाली, "घरून तयारी करून येत जा." त्या दिवशी म्हणे अमेरिकेतली एक मीटिंग खोळंबली, डॉलर घसरला, आणखीही बरंच झालं. दुसऱ्या दिवसापासून बस फाटकापासून एवढी लांब उभी राहायला लागली की आयटीवाल्यांना तिथवर रिक्षा करावी लागायची.

आता कादंबरीचं.

आमच्या लहानपणी खडकीत दोन टोळ्या होत्या. एक क्वार्टर टोळी, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची पोरं. मी त्यातला, दीपक आमचा म्होरक्या. दुसरी बाजार टोळी, दुकानदारांची पोरं. त्यांचा म्होरक्या प्रकाश. मैदान एक आणि टोळ्या दोन, एवढंच काय ते कारण. बाहेरची कोल्ड्रिंकं देशात परत आली त्या सुमाराला आम्हाला मिसरूड फुटत होतं आणि एकमेकांची डोकीही. नंतर कारखान्यातली भरती आटली, बाजारातली दुकानं मोबाइलची झाली, आणि दोन्हीकडची पोरं एकाच बसनं हिंजवडीला जायला लागली. माझ्याच. भांडायला कुणाला वेळ उरला नाही, तेव्हा आम्ही भांडणं सांगायला लागलो. दर गणपतीत, मांडवामागं खुर्च्या टाकून. पहिल्या वर्षी दगड होते. दोनेक वर्षांत सायकलच्या चेनी आल्या. मग तलवारी निघाल्या. मालूताई एकदा जाताजाता थांबली, ऐकलं, आणि म्हणाली, "तुमची भांडणं दरवर्षी वाढतायत. पुढच्या गणपतीला छावणीतून रणगाडा आणाल."

त्यानंतर ती लिहायला बसली. दोन टोळ्यांतली पोरं, त्यांचं मोठं होणं, सगळं. आम्हा सर्वांपेक्षा ती तीनचार वर्षांनी मोठी, आम्हाला मारामाऱ्या करताना तिनं पाहिलेलं. लिहिलंही फर्मास. पहिल्या प्रकरणातला मी वाचून मला माझ्याविषयी प्रथमच आदर वाटला.

पण तिचा एक नियम होता, आणि त्या नियमानं आम्हा सगळ्यांचं वाटोळं केलं. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ते तोंडावर वाचून दाखवायचं. त्यानं ऐकल्याशिवाय पान पक्कं करायचं नाही.

हे कुठून आलं ते तिनं मला एकदाच सांगितलं. कॉलेजात असताना तिनं वडिलांवर गोष्ट लिहिली होती. कारखान्याच्या फाटकावर सुटीच्या वेळी झडती होते, तेव्हा तिचे वडील हात वर करून लहान मुलासारखे उभे राहतात, अशी. गोष्टीला बक्षीस मिळालं, एका अंकात ती छापून आली. तो अंक कुणीतरी कारखान्याच्या कँटीनमध्ये नेला आणि मोठ्यानं वाचला, सगळ्यांना कौतुक म्हणूनच. वडील तिला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून कँटीनमध्ये जायचे बंद झाले. रिटायर होईपर्यंत डबा मशीनशेजारी उभ्यानं खाल्ला. "मी आधी त्यांना वाचून दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. "ते नको म्हणाले असते. एवढंच झालं असतं."

तर दर रविवारी, विहारातली वंदना आटोपून ती घरी आली की आमचं वाचन. दोन्ही टोळ्यांना एकत्र आमंत्रण. चहा, बटर आणि हरकती.

दीपकचं तुम्ही पाहिलंच. प्रकाश हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर पोचला होता, हाताखाली एवढी माणसं की त्यांची नावं पाठ करायलाही एक माणूस ठेवलेला. तो प्रकरणाची प्रत आधी मागवायचा आणि बाजूला शेरे टाइप करून आणायचा. "ताई, माझं कॅरेक्टर फार निगेटिव्ह जातंय. माझी टीम वाचेल."

"तू विडी ओढायचास ना?"

"ओढायचो. पण त्यामागची जर्नी दाखव ना. आणि ओव्हरऑल थीम क्लिअर होत नाही. वाचकाला टेकअवे काय?"

"वाचून झाल्यावर पुस्तक घरी घेऊन जाईल तो," मालूताई म्हणाली. "तोच टेकअवे."

पण विडी गेली. प्रकाशच्या आईचा फोन आला होता. मग किराणा दुकानदाराच्या धाकट्यानं सांगितलं की आपण आईवरून शिवी दिली नव्हती, वडिलांवरून दिली होती, आणि तीही सौम्य. शिवी सौम्य झाली. कुणाची चेन गेली आणि त्याच्या हातात सायकलचा पंप आला. माझ्यापुरतं म्हणाल तर मी काहीच बदलायला लावलं नाही. फक्त तिनं जिथं 'तिघांना लोळवलं' लिहिलं होतं तिथं आकडा जरा कमी वाटतो, एवढं सुचवलं.

ती सगळं लिहून घ्यायची. "तोंड त्याचं आहे," म्हणायची. मात्र प्रत्येक दुरुस्तीनंतर पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर जरा वेळ बघत बसायची, उन्हात पापड टाकले आणि ढग आले की माणूस बघतो तसं. दोन टोळ्यांची कादंबरी हळूहळू दोन सहकारी गृहरचना संस्थांच्या वार्षिक सभेसारखी होत चालली होती. नाही, चुकलो. सभेत निदान खुर्च्या तरी उचलतात.

तिकडे बुधवार पेठेतला प्रकाशक घाई करत होता. त्याला दिवाळीआधी पुस्तक हवं होतं. मी तिला गाडीनं घेऊन गेलो होतो. प्रकाशकानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बाई, सगळं ठीक आहे. पण यातून आजच्या तरुणांना संदेश काय?"

"संदेश पोस्टात मिळतो," बाई म्हणाल्या.

तरीही तो छापायला तयार झाला, आणि तो तयार झाला एका प्रकरणामुळे. शेवटून दुसरं. ते असं होतं, की त्यावर आम्हा एकाचीही हरकत नव्हती. उलट दोन्ही टोळ्या ते ऐकून रडल्या. दीपकनं तर नाक शिंकरून सांगितलं, "यातलं माझं काय कापायचं ते काप, पण हे राहू दे."

ते प्रकरण विलासचं. विलास हा मावळाकडून आलेला पोरगा. त्याची आई खडकी बाजारात भाजी विकायची आणि राहायला ते क्वार्टरांच्या मागल्या चाळीत. म्हणजे घर आमच्याकडे आणि पोट त्यांच्याकडे. दोन्ही टोळ्या म्हणायच्या, विलास आपला. पुलाखालच्या सगळ्यात मोठ्या मारामारीत तो मधोमध घुसला, पत्र्याची ढाल घेऊन, अंगभर पांढरी धूळ, आणि दोन्हीकडून दगड चालू असताना एक त्याच्या गुडघ्यावर बसला. गुडघा फुटला. पाय जन्माचा वाकडा झाला. दगड कुणाचा ते कळलं नाही. आमच्याकडे दगडांवर नावं घालायची पद्धत नव्हती. त्या दिवसानंतर मात्र मारामाऱ्या संपल्या, त्या संपल्याच.

मालूताईनं सगळी कादंबरी या पोरावर तोलली होती. दोन बाजूंत फाटलेला, कुणाला दुखवायचं नाही म्हणून शेवटी स्वतः मध्ये उभा राहणारा. ही मारामारी तिनं पाहिलेली नव्हती. ती आमच्या तोंडून ऐकलेली. ढाल हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला ते मला नक्की आठवत नाही. लोक माझं नाव घेतात.

विलासला तेवढं वाचून दाखवायचं राहिलं होतं. तो कधीच गावी परतला होता. हिंजवडीच्या पुढं त्याच्या गावाची जमीन कंपन्यांनी घेतली, आणि आता त्याची तीन हॉस्टेलं होती, गळ्यात चेन होती आणि दारात गाडी अशी, की तिच्या सावलीत माझी बस उभी राहिली असती. मी मालूताईला घेऊन गेलो. वाटेत गर्दी एवढी, की निघताना मी दाढी केली होती आणि पोचलो तेव्हा परत वाढली होती.

विलासनं आम्हाला खालच्या खोलीत बसवलं. एक पाय सरळ पुढं काढून तो खुर्चीत बसला. मध्येमध्ये पट्टे लटकवलेली पोरं डोकावून गरम पाणी नाही म्हणून तक्रार करत होती, त्यांना तो हातानंच थांबवत होता. मालूताईनं प्रकरण वाचलं. तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. मी शाळेपासून तिला ओळखतो, तसा आवाज मी ऐकलेला नव्हता.

"झकास हाय," विलास म्हणाला. "लई झकास लिवलंय, ताई." मग चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "पन मी भांडाया आलोच नव्हतो."

मालूताईनं हातातलं पान मांडीवर ठेवलं.

"आयनं दळान आनाया धाडलं व्हतं. डबा हातात व्हता. गिरणी पुलाच्या पल्याड, म्हनून दळान घिऊन मदनं माघारी चाललो व्हतो."

"ढाल?" मी विचारलं.

"डबा, सुधीरशेठ. पिठाचा. उचलून डोस्क्यावर धरला. झाकान उडालं आन् सगळं पीठ अंगावर."

बाहेर कुणीतरी परत गरम पाणी मागितलं. मालूताईनं विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"आय सगळ्यांना सांगती, पोरगं मारामारीला गेलं न् पाय मोडून आलं. मीच धाडलं व्हतं, आसं म्हनाया तिला जमंना. मग मीबी तेच सांगतो." तो हसला. "तुमी वाचलं म्हनून बोललो. बाकी काय न्हाई."

तिनं काहीच लिहून घेतलं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही चौकात अडकलो. पुढं बसेस, मागं बसेस, त्यातल्या निम्म्या माझ्या, तरी मला कुणी वाट देईना. ती कागदांच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "दोन बाजूंत फाटलेला मुलगा. तीन वर्षं मी त्याच्यावर घालवली. आणि तो गिरणीतून दळण घेऊन घरी निघाला होता."

पुढच्या रविवारी तिनं हे टोळ्यांना सांगितलं, आणि मग जे झालं ते मी वाढवून सांगायला गेलो तरी वाढणार नाही. ज्यांनी तीन वर्षं एकेक विडी, एकेक शिवी बदलून घेतली होती, ती माणसं एका सुरात म्हणायला लागली की एक अक्षर बदलायचं नाही.

"भावनेनं ते खरंच आहे ना," प्रकाश म्हणाला. "क्लायमॅक्स आहे ताई तो. तो काढला तर उरलं काय? आम्ही काय उगाच भांडत होतो?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही होतात तिथं."

"विलासनं ऐकलं ना? नको म्हणाला का?" दीपक म्हणाला. "झकास म्हणाला. तुझा नियम पुरा झाला. दे छापायला."

प्रकाशकाचंही तेच. दळणाच्या डब्यावर कादंबरी संपत नाही, हे त्यानं तिला तीन वेगवेगळ्या दिवशी फोनवर समजावलं. तिनं प्रकरण नव्यानं लिहिलं होतं. मी वाचलंय. चार पानांचं आहे. आई पोराला दळण आणायला धाडते, दोन्हीकडून दगड येतात, पोरगा डबा डोक्यावर धरतो, पीठ उडतं, सगळे थांबतात. बस. मी तिला म्हणालो, निदान एक रणगाडा तरी घाल. ती हसलीसुद्धा नाही.

आणि ते नवं प्रकरणही तिनं प्रकाशकाला दिलं नाही. दिवाळी गेली. पुढची गेली. प्रकाशकानं फोन करणं सोडलं. रविवारी कुणी येईनासं झालं, बटर मऊ पडायला लागले. दीपक मला म्हणाला, "तुझी ताई वेडी आहे. माझं एवढं चांगलं काम झालं होतं त्यात." मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याशी भांडायला म्हणून दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा कांदेपोहे खाऊन परत आलो.

तिला मी शेवटचं पाहिलं ते खडकीच्या बसथांब्यावर. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, सकाळचं ऊन. हिंजवडीकडं जाणाऱ्या सिटी बसची वाट बघत ती उभी होती, खांद्याला कागदांची तीच पिशवी. मी गाडी थांबवली. म्हटलं, कुठं? म्हणाली, विलासच्या आईकडं.

मला सगळं माहीत होतं. विलासनंच सांगितलं होतं. ती दर सुट्टीत जायची. म्हातारी तिला आत बसवायची, चहा द्यायची, पावसापाण्याचं बोलायची, आणि पिशवीतून कागद निघाले की चुलीवरचं बघते म्हणून उठून जायची. घरात गॅस आहे, चूल नाहीच. तरी उठून जायची.

"ताई," मी म्हणालो, "आता पुरे कर. ती ऐकणार नाही. तू छापून टाक. तिला काय कळणार आहे? तिला वाचता तरी कुठं येतं?"

बस आली. मालूताईनं पायरीवर पाय ठेवला, पिशवी सांभाळली.

"म्हणून तर वाचून दाखवायला जातेय," ती म्हणाली.